उलटं फिरणारं कुलूप

किल्लीकाकूंचा स्वभाव आधी सांगितलेला बरा, म्हणजे पुढचं पटेल. गिऱ्हाईक दुकानात येऊन "काकू, कुलूप खराब झालंय हो" म्हणालं, की काकू त्याच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. किल्ली हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "कुलूप बिचारं धड आहे. किल्लीने डबा उघडलात ना?" गिऱ्हाईक ओशाळं. माणूस काय वाट्टेल ते सांगेल, पण किल्लीवरच्या खुणा खोटं सांगत नाहीत, हे काकूंचं ठाम मत. आणि अशी ही बाई एका किल्लीपायीच फसली! तेसुद्धा खुणा स्पष्ट दिसत असताना.

पुढे रस्त्यावर दुकान, मागे राहायची खोली, तिच्या मागे आतली खोली, आणि घराचं दार बाजूच्या बोळात, असं त्यांचं बिऱ्हाड. धंदा नवऱ्याचा. तो गेल्यावर काकू आणि मुलगा मिळून बघायचे. मुलगा डावखुरा. कानस डाव्या हातात धरायचा, त्यामुळे त्याने घासलेल्या किल्लीवरचे ओरखडे इतरांच्या उलट दिशेला तिरके जायचे. शंभर किल्ल्यांतून त्याची किल्ली काकू झटकन वेगळी काढायच्या.

सोळाव्या वर्षी त्याने पहिलं कुलूप स्वतः घडवलं आणि आतल्या खोलीच्या दाराला बसवलं. झालं काय, की डाव्या हाताच्या हिशेबाने सगळंच उलटं झालं. जगातली कुलपं ज्या बाजूला फिरवून लागतात, त्याच्या उलट बाजूला हे लागायचं. सवयीने सरळ फिरवलं, की आतला खटका घसरून असा काही रुतायचा, की मग ते ना आतून उघडायचं ना बाहेरून. एकदा वडीलच आत अडकले. मुलाने बाहेर मांडी ठोकून दिवसभर खटपट केली तेव्हा ते सुटले. सुटल्या सुटल्या म्हणाले, "हे भूत काढून टाक!" पण काढलं कुणी नाही. वडिलांनाच मनातून अभिमान होता, दुसरं काय! तेव्हापासून कुणी त्या खोलीत शिरलं, की घरातून ओरडा व्हायचा, "उलटं फिरव रे!"

दोन वर्षांपूर्वी तो मुलगा अपघातात गेला. चोविसाव्या वर्षी. काकूंनी आठ दिवस दुकान बंद ठेवलं आणि नवव्या दिवशी उघडलं, कारण गल्लीतल्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या.

या किल्ल्यांची गोष्ट अशी. गल्लीतल्या एकतीस घरांची एकेक जादा किल्ली काकूंकडे असायची. कुणी एकटं राहणारं म्हातारं, कुणी रात्रपाळीची नर्स, कुणी विसरभोळे मास्तर. आतल्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात खुंट्या. किल्लीवर नाव नाही, नंबर नाही. गल्लीत घरं जशी उभी आहेत तशाच खुंट्या, वरची ओळ डाव्या हाताची घरं, खालची ओळ उजव्या हाताची. ज्याला ठाऊक त्यालाच कळणार. कपाट भिंतीकडे तोंड करून, बरोबर दाराच्या मागे. ते फिरवायला दोन माणसं लागायची आणि आत उघडणारं दार आधी बंद करावं लागायचं. दार जुनं, वाकलेलं. किल्ली लावल्याशिवाय मिटून म्हणून राहायचं नाही, म्हणून किल्ली कायम आतल्या बाजूने कुलपातच असायची.

मुलगा गेल्यावर सहा महिन्यांनी एक तरुण दुकानात आला. डोळे खाली, गळ्यात मफलर. खिशातून एक किल्ली काढून काकूंच्या तळहातावर ठेवली. "काकू, ही तुमच्या मुलाने मला करून दिली होती. आम्ही जिवलग मित्र. तुम्हाला भेटायचा धीरच होत नव्हता."

काकूंनी चष्मा वर सरकवला. ओरखडे बघितले. सरळ होते. उजव्या हाताचे.

बघितले, आणि मनाला समजावलं की घाईत त्याने किल्ली पकडीत उलटी धरली असेल. अहो, कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यांनी तिथल्या तिथे झापलं असतं! पण सहा महिने त्या बाईजवळ कुणी मुलाचं नाव काढलं नव्हतं. लोक विषय टाळायचे, चुलत सासरचे तर रस्ता बदलायचे. हा पोरगा समोर बसून म्हणत होता, "सांगा ना काकू, तो लहानपणी कसा होता?"

काकूंनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. मफलर येत राहिला, ऐकत राहिला, डोळे पुसत राहिला. धाकटी बहीण फोनवर चिडायची, "ताई, कोण कुठला तो? घरदार विचारलंस का?" काकू म्हणायच्या, "तुला नाही कळायचं." एकदा गुडघ्याने दगा दिला, दोन दिवस उठता येईना, तेव्हा त्यांनी बोळातल्या दाराची किल्ली स्वतःच्या हाताने घासली आणि त्याला दिली. कपाटातल्या खुंट्यांची गंमतही त्याला सांगून झाली होती, कारण ती युक्ती मुलाची होती आणि मुलाचं कौतुक सांगताना काकूंना थांबता यायचं नाही.

त्या दिवशी दुपारी दोनची वेळ. दुसऱ्या दिवसापासून जोडून सुट्ट्या, म्हणून अर्धी गल्ली सकाळीच गावाला गेलेली. काकू दुकानाचं शटर ओढून जेवल्या होत्या, खुर्चीत जरा डोळा लागत होता. बोळातल्या दाराचं कुलूप फिरलं. दोन माणसांची पावलं आली, आणि दार आतून पुन्हा लागलं.

"बाळा, तू होय? बरोबर कोण?"

बरोबर एक जाडजूड इसम होता. त्याने टेबलावरचा काकूंचा फोन आणि बोळातल्या दाराची त्यांची किल्ली उचलून खिशात घातली.

"काकू, ओरडू नका," मफलर म्हणाला. आवाज तोच मऊ. "तुम्हाला हात लावायचा नाही आम्हाला. कपाटातल्या किल्ल्या घेऊन जातो. कोण कोण गावाला गेलंय तेवढं सांगा."

काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अरे, तू त्याचा मित्र ना?"

"होतोच की! नदीवर पोहायला शिकलो बरोबर. त्याला वांगं आवडायचं नाही. झोपेत गाणी म्हणायचा."

एकेक शब्द खरा होता. आणि एकेक शब्द काकूंनीच त्याला दिलेला होता. दीड वर्षात या माणसाने मुलाबद्दल एकही गोष्ट अशी सांगितली नव्हती, जी त्यांच्या तोंडून आधी निघाली नव्हती. त्यांचीच आठवण उष्टी करून तो त्यांना वाढत होता, आणि त्या पोटभर जेवत होत्या! काकूंना इतकी लाज वाटली, इतका संताप आला, की रडूच आलं नाही.

त्यांच्या डोळ्यांसमोर एकतीस खुंट्या आल्या. चौथ्या घरातली आजी, जी कुठेच गेली नव्हती आणि जिला धड ऐकू येत नाही. रात्रपाळी करून आता झोपलेली नर्स. हे लोक किल्ली काकूंकडे ठेवून निर्धास्त होते.

"कपाट आतल्या खोलीत आहे," काकू म्हणाल्या. "तोंड भिंतीकडे. तुला ठाऊकच आहे."

"हो, आधी दार लावावं लागतं." मफलरने जाडजूडला मान हलवून बोलावलं. "तुम्ही इथेच बसा. पुढचं शटर वाजलं तर आम्हाला ऐकू येईल, आणि बोळातल्या दाराच्या दोन्ही किल्ल्या आमच्याकडे आहेत."

दोघं आत शिरले. दार ढकललं. ते नेहमीसारखं परत उघडलं. आतून मफलरचा हात किल्लीकडे गेलेला काकूंना फटीतून दिसला.

दोन शब्द जिभेवर आले. आठ वर्षं त्या घरात प्रत्येकाला ओरडून सांगितलेले दोन शब्द. जिवलग मित्राला ते सांगायची गरज नव्हती. जो या घरात एकदा जरी मुलाबरोबर आला असता, त्याने ते ऐकलेच असते. आणि हेही काकूंना माहीत होतं, की खटका आता रुतला तर तो सोडवणारा हात जगात उरलेला नाही. कुलूप फोडावंच लागेल. मुलाने स्वतः घडवलेलं ते एकच कुलूप होतं.

काकूंनी दात आवळून तोंड मिटून घेतलं.

किल्ली सरळ फिरली. खाड्कन आवाज झाला.

आत कपाट सरकल्याचा आवाज येत होता, तेवढ्यात काकू उठल्या. किल्लीवालीला कुलपात कोंडून जाणारे हे पहिलेच शहाणे! दुकानातली हत्यारं खणखणतील म्हणून कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीची एक काडी त्यांनी उपटली, दोन तुकडे केले, एकाचं टोक वाकवलं आणि बोळातल्या दारापाशी दुखऱ्या गुडघ्यांवर बसल्या. "थरथरायचं ते नंतर," त्या स्वतःलाच पुटपुटल्या. पहिला खटका बसला, दुसरा बसला, तिसरा निसटला. मागून दार हलवल्याचा आवाज आला. मग शिवी. मग धडाधड ओढाओढ. काकूंनी मान वळवली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाचव्या खटक्याला दार उघडलं. काकूंनी बोळाच्या तोंडाशी येऊन हाक मारली.

समोरच्या दुकानातले शिंपीदादा कैची हातात घेऊनच धावत आले. "वहिनी, काय झालं?"

"पोलिसांना फोन लावा. आणि या दारातून हलू नका."

काकू मात्र घरात परत गेल्या आणि आतल्या दारासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"काकू!" आतून आवाज आला. आता मऊपणा पार गेला होता. "अहो काकू, किल्ली फिरत नाहीये. उघडा ना! तुमच्या मुलाची शपथ आहे तुम्हाला!"

"एक सांग," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा कुठल्या हाताने काम करायचा?"

दीड वर्ष काकू एवढं बोलल्या, पण डावखुरा हा शब्द बोलायचा राहिला होता. कदाचित त्या सरळ ओरखड्यांमुळेच जीभ तिकडे वळली नसेल.

"उजव्या," मफलर म्हणाला.

पोलीस आले. त्यांनी दार हलवून बघितलं, गजांच्या खिडकीतून आत बघितलं. फौजदार म्हणाले, "कुलूप तोडायला माणूस बोलवावा लागेल."

"माणूस कशाला? मी आहे ना," काकू म्हणाल्या.

त्यांनी दुकानातून ड्रिल आणलं. कुलपाच्या पत्र्यावर कोपऱ्यात मुलाने खिळ्याने कोरलेली तारीख होती. ती वाचवता येईल का, हे काकूंनी बोटाने चाचपलं. येणार नव्हती. शिंपीदादा म्हणाले, "वहिनी, मी करू का?" काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि ड्रिल चालू केलं. लोखंडाचा भुगा त्यांच्या मनगटावर पडत राहिला. तेव्हा मात्र त्या रडल्या, मोठ्याने, पोलिसांसमोर, पण हात हलला नाही. दार उघडलं. दोघांना नेलं. एकतीस किल्ल्या जागच्या जागी होत्या.

सुट्ट्या संपल्यावर काकू घरोघर गेल्या. प्रत्येक दारात सगळं खरं सांगितलं, त्या सरळ ओरखड्यांसकट, आणि किल्ली परत केली. सहा जणांनी ती ठेवून घेतली, बाकीच्यांनी पुन्हा काकूंच्याच हातात दिली. मास्तरांनी विचारलं, "आता आतल्या खोलीला कुलूप कुठलं लावणार?"

"करतेय," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी दुकानात त्यांनी भुग्यातून गोळा केलेले तुकडे कापडावर मांडले. नवा पत्रा पकडीत आवळला, आणि कानस डाव्या हातात घेतली. पहिला ओरखडा भलतीकडेच गेला. दुसराही. काकूंनी पत्रा पुसला, कानस पुन्हा टेकवली आणि तिसरा मारला.