नटवलेलं वावर

जमीन विकताना माणूस मातीचं सोनं करतो आणि झोन बदलून घेताना सोन्याची माती. नगररचनेच्या नोकरीत मी एवढं शिकले. म्हणून स्थळ पाहणीला जाताना मी डोळे टक्क उघडे आणि कान अर्धे बंद ठेवते. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी मला खडूस म्हणतात, ते काही उगीच नाही.

एका हिवाळ्यात शहराच्या हद्दीलगतच्या गावातून अर्ज आला. विकास आराखड्यात ग्रीन झोनमधलं, म्हणजे शेतीसाठी राखलेलं, वावर यलो झोनमध्ये घ्या, म्हणजे तिथं घर बांधता येईल. अर्ज वडिलांच्या नावाचा, धावपळ मुलाची. तो वाळूजच्या कारखान्यात कामाला, बजाजनगरात भाड्याच्या खोलीत राहायचा. त्यानं मला सरळ सांगितलं होतं, की गावात घर झालं तर आईवडिलांजवळ राहीन, नाहीतर तिकडंच फ्लॅट घेऊन कायमचा मोकळा होईन. आई रोज विचारते, कधी येतोस म्हणून.

आमचं धोरण मात्र ठाम. पिकाऊ जमीन घरांखाली घालायची नाही, आणि नवी वस्ती जुन्या वस्तीला आणि रस्त्याला लागूनच हवी, रानाच्या मधोमध नको. अर्जात तर लिहिलं होतं, जमीन पडीक आणि नापीक आहे.

आणि तिथं पोचले तर काय! गुडघाभर गहू, हरभरा फुलावर आलेला, कांद्याच्या वाफ्यात औषधालाही तण नाही. बांध साफ केलेले, विहिरीच्या कठड्याला झेंडूचं तोरण, मोटारीच्या खोलीपुढं रांगोळी. पाहुण्यांपुढं मुलगी नटवून बसवावी तसं ते वावर नटवलं होतं. म्हातारे वडील स्वच्छ धोतर आणि फेटा घालून हात जोडून उभे. त्यांच्या मागं मुलगा कपाळाला हात लावून उभा.

त्यानं बजावलं होतं म्हणे, की पाहणी होईपर्यंत रानाला हात लावू नका, तण माजू द्या. वडिलांनी मानही हलवली होती. पण पाहुणे येणार आणि वावरात तण? म्हाताऱ्या नवराबायकोनं मिळून खुरपून काढलं. आता म्हातारबाबा मला एकेक वाफा दाखवत होते, असा गहू सगळ्या शिवारात नाही म्हणून छाती फुगवत होते. मी फाइल तोंडापुढं धरली, नाहीतर तिथंच खो खो हसले असते.

शेवटी मुलानं त्यांच्या कानात सांगितलं, की आपण जमीन नापीक लिहिलीय. म्हातारबाबांचा चेहरा लाल झाला.

"माझ्या वावराला नापीक म्हणतो व्हय रे? हेच खाऊन एवढा झालास ना?"

मला बोलणं भागच होतं. हे वावर यलो होणार नाही, मी तशी शिफारस करणार नाही, असं मी सांगितलं. मुलाची आई आगटीपाशी हुरडा भाजत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी पोरगं येत नाय का आता?"

तिनं एवढंच विचारलं. याचं उत्तर कुठल्या धोरणात असतं?

पण जमिनीला पुरता फेरा मारल्याशिवाय मी निघत नाही. मी बांध धरून चालू लागले. रस्त्याकडच्या टोकाकडं वळले, तसे म्हातारबाबा आडवे आले. तिकडं बघण्यासारखं काय नाय, हुरडा खायला चला म्हणाले. हुरड्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पाहणीला गेल्यावर मी पाण्याशिवाय काही घेत नाही, आणि चल म्हटल्यावर चालणाऱ्यातली मी नव्हेच. गेले पुढं.

तिथं नुसता काळा खडक. तरवडाची झुडपं, आणि वावर आवरताना निघालेला सगळा पसारा, मोडकी बैलगाडी, फाटके पाइप, ताडपत्रीखाली दडवलेला. म्हातारबाबांनी मान खाली घातली. आज्यापासून तिथं कुसळसुद्धा उगवलं नाही, ती आमची लाज आहे, म्हणाले. आणि खडकाला लागूनच डांबरी रस्ता, शेजारी यलो झोनमधली घरं!

"अहो बाबा, ही लाज आधी दाखवायची ना!" मी म्हणाले, आणि या वयात त्या खडकावर चढून उभी राहिले.

मग समजावून सांगितलं. सगळ्या वावराचा अर्ज मागं घ्या, एवढ्याच तुकड्याचा करा. मंजुरी वरून येते, तिची हमी मी देत नाही, पण हा तुकडा धोरणात चपखल बसतो. म्हातारबाबांनी एकदा खडकाकडं पाहिलं, एकदा गव्हाकडं.

"म्हंजी गहू बी ऱ्हातो आन पोरगं बी?"

मुलानं नवा अर्ज केला. इतक्या आनंदानं अभिप्राय मी क्वचितच लिहिला असेल. फाइल फायलीच्या चालीनं फिरली आणि मंजूर होऊन आली.

मागच्या थंडीत त्या रस्त्यानं जाताना गाडी थांबवली. खडकावर मुलाचं घर उभं होतं, दारात मोटारसायकल. दिवस मावळत होता. आई गव्हाच्या बांधावर उभी होती, मी तिला दिसले नाही. तोंडाशी हात धरून तिनं घराकडं हाक मारली, जेवायला ये रे. आतून लगेच ओ आली.

तरी तिनं पुन्हा एकदा हाक मारली.