बर्फावरचं धुकं

केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला एक बर्फवाला बसायचा. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता म्हणे. रोज सकाळी लादीवरचं गोणपाट उचलून बघायचा, "धूर न्हाई," म्हणायचा आणि लगेच झाकून टाकायचा. बर्फाचा चुराही वाया जाऊ द्यायचा नाही.

"कसला धूर बघता?" मी एकदा विचारलं.

"भर उन्हाळ्यात समुद्राचं पानी कुठं कुठं लई गार ऱ्हातं. त्यावरनं दमट, गरम वारा हळू आला, की पान्यावरच धुकं धरतं. वारा दांडगा असला तर मोडतं. बर्फावर बी तसंच हाय. पन आपल्या वाऱ्यात पानीच न्हाई."

दुष्काळातला मे होता, विहिरी कोरड्या पडलेल्या. एका सकाळी त्यानं गोणपाट उचललं आणि लादीवरून पांढरंशुभ्र धुकं ओघळत खाली उतरलं. त्यानं टोपी काढली. गोणपाट हातातच राहिलं.

"अहो, बर्फ विरघळतोय!" मी म्हणालो.

"विरघळू द्या. एवढ्या लांबनं समुद्र आलाय, झाकू कसा?"

धुकं माझ्या पावलांपर्यंत आलं, तेव्हा मी नकळत चपला काढल्या.