बैल वळतो तसं

राजारामपुरीत माझ्या इंग्रजीच्या क्लासखाली झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार हातकणंगल्याकडचा, शेतकऱ्याघरचा. मशीनवर ठेवण्याआधी तो प्रत्येक कागद ओठ हलवत वाचतो आणि "हां" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. माझ्या नोट्स इतक्या आवडीनं माझ्या एकाही विद्यार्थ्यानं वाचलेल्या नाहीत, हेच मला खुपतं.

गेल्या आठवड्यात नोट्समध्ये एक अवघड शब्द होता, बूस्ट्रोफीडन. एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे, अशी लिहिण्याची जुनी पद्धत. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'बैल वळतो तसं'. मी पोरांना म्हटलं, पाठ करा.

खाली झेरॉक्स काढताना पोरं माझ्यादेखतच कुरकुरायला लागली. दुकानदारानं कागदावर बोट ठेवलं, ते ओळीवरून कडेपर्यंत नेलं आणि तिथूनच खालच्या ओळीत माघारी वळवलं.

"नांगराचा बैल बांधाला पोचला की रिकामा परत येतोय व्हय रं? तिथंच वळतोय आन् दुसरं तास धरतोय. आमच्या रानात बैल रोज असंच लिवत्यात की!"

पोरं हसली. त्यांना कळलं होतं. माझ्या पोटात दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला मी तेच माझं म्हणून सांगितलं. वर फळ्यावर नांगराच्या दोन रेघा, म्हणजे दोन तासं, काढली आणि दोन्हींत ऐटीत एकेक बैल काढला.

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, दुसरा बैल वळीवलाच न्हाय की तुम्ही."