अकरा ते तीन पंप बंद

मी सिंगापुरात, सेंगकांगच्या पंधराव्या मजल्यावर वाढले. नळ सोडला की पाणी येतं, पाण्याबद्दल मला एवढंच माहीत होतं. बाकी माझं शिक्षण पत्रकांवर झालं. कॉलेजात आम्ही घरकामाच्या बायकांच्या सुट्टीसाठी पत्रकं काढायचो. वर फोटो, मध्ये एक वाक्य, खाली मागणी. वाचणाऱ्याला राग आला पाहिजे आणि तो लिफ्ट यायच्या आत आला पाहिजे. मला ते फार चांगलं जमायचं.

हेच कौशल्य घेऊन मी मलावीतल्या एका खेड्यात दहा महिने राहिले. सिंगापुरातल्या काही मराठी कुटुंबांची एक छोटी संस्था आहे, ती तिथल्या स्थानिक संस्थेला हातपंपांचे सुटे भाग पाठवते. माझं काम शाळेत हात धुवायला शिकवणं. मुलांना हात धुता येत होते, साबण नव्हता. तरी मी फलक रंगवले.

मी जिच्याकडे राहायचे तिला सगळे आमायी म्हणत, म्हणजे आई. पन्नाशीची, पंपाच्या समितीची प्रमुख. सकाळी अंगण मी झाडायचे आणि माझ्यामागून ती पुन्हा झाडायची. डोक्यावरून बादली आणताना अर्धी मी वाटेतच सांडायचे. बायका म्हणत, ही पाहुणी रस्त्याला पाणी घालायला आलीय. दोन्ही वेळा न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर पाला नाहीतर शेंगा. महिन्याभरात मला ते आवडायला लागलं.

फक्त एक गोष्ट खटकायची. रोज अकरा वाजता आमायी पंपाच्या दांड्याला साखळी घालून कुलूप लावायची ते तीनला काढायची. किल्ली तिच्या गळ्यात. ऐन उन्हात, पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हा. मी कारण विचारलं. तिच्या तुटक इंग्रजीत ती म्हणाली, पाणी दुपारी विश्रांती घेतं. मी वहीत लिहिलं, ‘अंधश्रद्धा’. दुसरा प्रश्न विचारला नाही. जिथे पाहू तिथे अंधश्रद्धा शोधायची सवय आम्हा मराठी माणसांना घरातूनच असते, आणि तिचा आम्हाला अभिमानही असतो.

एका दुपारी रिकामी बादली घेऊन एक बाई साखळीसमोर बसली होती. तिचा फोटो काढून मी सिंगापूरला पाठवला. खाली वाक्य, ‘तहानेला कुलूप’. खरं म्हणजे ती तीनच्या रांगेत पहिला नंबर लावून शेंगा सोलत होती. शेंगा मी फोटोत येऊ दिल्या नाहीत.

पत्रक जोरात चाललं. संस्थेने स्थानिक लोकांना कळवलं की कुलूप काढा, समिती बदला, तोवर सुटे भाग येणार नाहीत. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांसमोर आमायीने किल्ली गावप्रमुखाच्या पुतण्याच्या हातात दिली. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी उठले तर अंगण झाडून झालेलं होतं.

पंधरा दिवसांत दुपारचं पाणी गढूळ यायला लागलं. मग दांडा हलका लागायचा आणि नुसती हवा यायची. तरी लोक हाणत राहायचे, कारण आता पंप दिवसभर उघडा होता ना, तो त्यांचा हक्क होता, मीच सांगितलेला. शेवटी सकाळीसुद्धा पाणी चढेना. बायका ओढ्याजवळच्या खड्ड्यातून पाणी आणायला लागल्या.

माझे बाबा जहाजावर इंजिनिअर आहेत. त्यांना फोन लावला.

“तळाला पाणी नसताना पंप मारतात?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“मग आतलं रबरी सील झिजणारच. अगं, बोअरमध्ये पाणी पुन्हा भरायला वेळ नको? आधी मधेच बंद नव्हते ठेवत?”

“ठेवायचे. दुपारी कुलूप असायचं.”

“मग ते काढलं कुठल्या गाढवाने?”

मी पत्रकाबद्दल सांगायला लागले. बाबांना कळलं. ते म्हणाले, “बरं. आता ते परत लागेल असं बघ.”

मी आमायीकडे गेले आणि माझ्यामुळे झालं असं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, “कागदाने काढलं. कागदानेच परत लागेल. शिक्का असलेला आण.” बरोबर होतं तिचं. कागदाशिवाय पुतण्या किल्ली सोडणार नव्हता, आणि कुलूप परत लावलं तर सिंगापूरहून सील येणार नव्हतं. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपली. कागद न मिळवताच परतले.

संस्थेचे प्रमुख पुण्याचे, इथे तांजोंग पगार भागात आयटीत मॅनेजर, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या लंच ब्रेकमध्ये मी तीनदा खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांत, जाऊन बसले. माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की सील पाठवू, पण कुलूप चुकीचं नव्हतं असं आता जाहीर कसं करायचं?

“तुझंच वाक्य आहे ते. लोकांना भिडलंय.”

“दादा, तुम्ही रविवारी सर्व्हर बंद ठेवता. त्याचा फोटो काढून कोणी तुम्हाला जुलमी म्हणतं का?”

“ती मेंटेनन्स विंडो असते गं, देखभालीची ठरलेली वेळ.”

“तेच तर. तिची अकरा ते तीन होती.”

दादा नूडल्स ढवळत बसले. मग म्हणाले, सभासदांसमोर मांड.

सभा शनिवारी दुपारी पाया लेबारच्या एका हॉलमध्ये झाली. मी नवं पत्रक नेलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं, फोटो नाही. पहिलीच ओळ, कुलूप बरोबर होतं, मी चुकले. एका काकूंनी कागद उलटसुलट करून एवढं कोण वाचणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, बसा, मीच वाचते. शेंगांचंही वाचलं. कोणी हसलं नाही. दोघे जण चिडले, आमची फसवणूक झाली म्हणाले. झालीच होती. तरी हात वर झाले, आणि दादांनी तिथेच गावासाठीच्या कागदावर शिक्का मारला. पंप कधी बंद ठेवायचा आणि किल्ली कोणाकडे, हे गाव ठरवेल. सुटे भाग त्यावर अडवले जाणार नाहीत.

सील आणि कागद बरोबरच गेले. काही आठवड्यांनी शाळेतल्या शिक्षकांच्या फोनवरून आमायीचा निरोप आला. कागद ओट्यावर वाचला. किल्ली तिच्याकडे आली. पंप चालतो. पण मधल्या काळात बोअरमध्ये गाळ ओढला गेलाय, पाणी भरायला जास्त वेळ लागतो, म्हणून आता कुलूप दहालाच लावतात. आभार वगैरे काही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.

रोजचा तो एक तास त्या गावातल्या बायकांनी माझ्यामुळे गमावला. संस्थेच्या पुढच्या पत्रकात हे छापा, असं मी लिहून दिलंय. दादा म्हणतात, जागा कमी आहे. मी म्हटलं, फोटो काढून टाका, होईल जागा.