अर्धी राहिलेली सहल

आजही जुन्या तटातल्या बिनबा गेटाखालून जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते. पोलीस सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चंद्रपूरचं जे प्रकरण मी नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगतो, त्यात गुन्हाच नव्हता. नावं मात्र त्यांनाही सांगत नाही.

धानाची कापणी उरकल्यानंतरचे थंडीचे दिवस होते. मी शहरात ठाणेदार होतो. दुपारी बाराच्या सुमारास मूल तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी घामाघूम होऊन ठाण्यात शिरले. मागे सहलीची मुलं. सकाळी एकेचाळीस आणली होती. अंचलेश्वराचं मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या पाहून झाल्यावर चाळीसच भरली. नववीतली एक मुलगी नव्हती. गुरुजी हजेरी पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू सहाव्यांदा नाव घेतल्यावर ती ‘हजर’ म्हणणार होती. मुलांना व्हरांड्यात बसवलं. परकोट, म्हणजे शहराचा जुना तट, पाहायला आलेली ती पोरं लॉकअप बघून जास्त खूश झाली.

अल्पवयीन मुलगी हरवली की अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. ठाणे अंमलदाराला वर्णन घ्यायला सांगितलं, वायरलेसवर संदेश दिला आणि मी तिच्या घरी फोन लावला. वडिलांनी उचलला.

“पहिले त्या गुरुजीले आत टाका, साहेब! मी येऊन राह्यलो,” ते ओरडले आणि फोन बायकोच्या हातात देऊन निघालेच.

बाईंनी आधी नवऱ्याला जाऊ दिलं. मग हळूच म्हणाल्या, “साहेब, तिची पिशवी तिच्यापाशीच हाय ना?”

“बसमध्ये तर नाही. तिच्याजवळच असेल,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर ते वाक्य मला टोचू लागलं. पोर हरवल्यावर आई आधी पोरीला शोधते. ही बाई पिशवीची चौकशी करत होती.

तेवढ्यात हवालदाराने खबर आणली. मंदिराजवळ फुलं विकणाऱ्या बाईला गणवेशातल्या एका मुलीने बिनबा गेटाचा रस्ता विचारला होता. एकटीच होती, आणि घाईत. म्हणजे तिला कोणी नेलं नव्हतं, ती गेली होती. पण बिनबा गेटाजवळ अख्खा मोहल्ला आहे, दारं किती ठोठावणार?

तिची जिवलग मैत्रीण कोण, ते व्हरांड्यात पाहताच कळलं. सगळी पोरं खात होती, हिचा डबा बंद. महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिला विचारलं, “कुठे गेली ती?” दोनदा विचारलं, दटावलं, तरी ढिम्म. सराईत चोरही एवढा वेळ टिकत नाही. मग मला आईचं वाक्य आठवलं.

“बरं बेटा, तिच्या पिशवीत काय होतं?”

पोरीचे डोळे भरून आले. “दुपटं होतं, साहेब. लहान बाळाचं. पण सांगतलं तर तिची शाळा बंद होईन.”

मग सगळं बाहेर आलं. मोठ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं होतं. त्या दिवसापासून वडिलांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली होती. तिला बाळ झालं. आईने चोरून दुपटं शिवलं आणि धाकटीच्या हाती सहलीत पाठवलं. अर्ध्या तासात परत येऊन मुलांत मिसळायचं, असं ठरलं होतं.

मैत्रिणीने सांगितलेलं घर परकोटाच्या भिंतीला लागूनच सापडलं. मुलगी खाटेवर बसली होती, मांडीत हिरव्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. निघायचं म्हटलं की बाळ तिचं बोट धरायचं, म्हणून उशीर झाला, असा तिचा जबाब. वर्दी पाहून मोठ्या बहिणीने बाळ उचलून जवळ घेतलं. धाकटीने माझे पाय धरले. “साहेब, बाबाले नका सांगू. शाळेतून काढतीन ते. आईले बोलतीन.”

खरं सांगतो, माझं मन डळमळलं. ठाण्याच्या डायरीत ‘नातेवाइकांकडे मिळून आली’ एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण त्या घरात दोन वर्षं सगळे हेच करत आले होते, मोठीचं नाव टाळत. धाकटीला ठाण्यात आणून मी लिहिलं, ‘सदर मुलगी सख्ख्या बहिणीच्या घरी, बहिणीच्या बाळाला भेटण्यास गेली असता सुखरूप मिळून आली.’

वडील आले, खांद्यावर गमछा, पायाला धूळ. मुलीला पाहून त्यांनी तिला छातीशी घट्ट धरलं. मग मी नोंद वाचून दाखवली, दुपट्याचं आणि बिनबा गेटाजवळच्या घराचंही सांगितलं. त्यांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला. माझी चूक झाली, असं मला वाटू लागलं.

शेवटी त्यांनी विचारलं, “दुपटं कायचं हाय?”

“आईच्या हिरव्या लुगड्याचं, बाबा.”

“ते लुगडं मीच आणलं होतं,” ते भिंतीकडे पाहत म्हणाले. “मोठीच्या बारशाले.”

मी पाणी पुढे केलं. ते प्यायले नाहीत, पेला हातातच धरून उभे राहिले. मग कुणाकडेही न पाहता म्हणाले, “गुरुजी, तुमी बाकीची पोरं घेऊन जा. इची सहल अर्धी राह्यली. साहेब, ते बिनबा गेट कोन्या बाजूले हाय? पोरीले दाखवून आणतो.”

मी रस्ता सांगितला. मुलीला तो पाठच होता, पण ती बापाचं बोट धरून गुपचूप मागे चालली.

माणूस कुठे गेला हे विचारण्याआधी तो काय घेऊन गेला हे विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि एखाद्याला परतायचं असेल तर त्याला कारण विचारू नये, फक्त रस्ता सांगावा. ते फाटकाबाहेर पडल्यावर मी डायरी पुन्हा ओढली आणि खाली एक ओळ जोडली. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या आनंदाने मी दुसरी नोंद केली नाही:

‘वडील मुलीस घेऊन बिनबा गेट पाहण्यास रवाना.’