अण्णाकाकांचे कान

अण्णाकाका गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "चला, सुटले बिचारे कानांच्या जाचातून!" लोकांना ते बरं दिसलं नाही. न दिसो. त्या कानांनी आमच्या घरात काय धिंगाणा घातला, तो मी या डोळ्यांनी पाहिलाय.

काका ग्वाल्हेर संस्थानच्या तोफखान्यात होते. तिथे कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याची टिंगल व्हायची, आणि आमचे काका तर शूरवीर... बोळे कधी घातलेच नाहीत. संस्थान विलीन झालं, फौजेची फेररचना झाली, तपासणीत कान नापास ठरले आणि काका घरी आले. तोफा थांबल्या, कानातली शिट्टी थांबेना. घर शांत झालं की ती वाढायची, आणि ती वाढली की हाताला येईल ते भिंतीवर आपटायचं. कपबशा गेल्या, आरसा गेला. डॉक्टर म्हणाले, "इलाज नाही. सवय करून घ्या." एका दुपारी काकूनं नुसतं विचारलं, "जेवताय ना?" काकांनी पितळी तांब्या फेकून मारला. तिची भुवई फुटली, पदर रक्तानं भिजला. मी कॉलेजात जाणारी मुलगी, पण लाटणं घेऊन काकांच्या अंगावर धावले. खरंच सांगते, त्या क्षणी मला ते मेले तरी चाललं असतं.

काकू मुरारला भावाकडे निघून गेली. काका मागोमाग गेले, तर भाऊ दारात लाठी घेऊन उभा. काका ओट्यावरच बसले. म्हणाले, "आवाज कानात आहे, पण हात माझाच आहे. चुकलं माझं."

आतून काकू कडाडली, "सवय तुम्हाला करायला सांगितलीय, मला नाही! पुन्हा हात उठला तर मी मेले समजा."

मग काकांनी दाल बाजारातल्या एका डाळमिलीत नोकरी धरली. तिथल्या घरघराटात शिट्टी बुडून जायची. घरी आले की रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवायचे, नुसती खरखर. आम्ही वैतागायचो. "राहू दे गं, इसी में चैन है," म्हणायचे. काही महिन्यांनी काकू परत आली. कधी वीज गेली, रेडिओ बंद पडला, तर काका तसेच अनवाणी बाहेर पडायचे आणि डोकं शांत झाल्यावरच परतायचे. हात मात्र पुन्हा उठला नाही. मी त्यांना कधीच माफ केलं होतं, जीवही लावला होता. वाटायचं, काकूही विसरली असेल.

तेरावं झालं, पाहुणे गेले. काकांच्या खोलीत रेडिओ खरखरतच होता. मी बंद केला. काकू दारात येऊन थिजली.

"लाव तो," ती म्हणाली. "बंद झाला की मला अजून भीती वाटते."