दांडीतला बाक

आठवीत शाळा सोडून नांदेडकडून चाकणला कारखान्यात आलो, तेव्हापासून माझं काम एकच, सळया तपासायच्या. सपाट लादीवर सळई ठेवायची, खालून उजेड दिसला की वाकडी. टाक लाल क्रेटमध्ये. इतकी वर्षं झाली तरी रोज धाकधूक असते, आज एखादी वाकडी पुढे गेली तर?

गिटार शिकायची होती, जुनी एक हिंजवडीत मिळाली. विकणारा इंजिनिअर, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. नोकरी गेलेली, खोली रिकामी करत होता. आमची सुट्टी गुरुवारची, तेव्हा गेलो. मला वाजवता काहीच येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटली. म्हणून जे येतं ते केलं. एक डोळा मिटून गिटारची तारांखालची लांब दांडी बघितली.

"वाकलीय सर ही."

"खरंच?"

"मी रोज हेच बघतो. आमच्याकडे असती तर रिजेक्ट."

त्यानं दांडीकडे पाहिलंसुद्धा नाही. मुकाट्यानं भाव कमी केला. वर कव्हर दिलं, खाली रिक्षापर्यंत सोडायला आला. इथं आल्यापासून माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

खोलीवर आल्यावर गिटारच्या भोकात, दांडीच्या बुडाशी एक बोल्ट दिसला. कामावरची ॲलन की, ती सहा कोनी चावी, त्यात बरोबर बसली. दांडी पट्टीसारखी सरळ होईपर्यंत पिळत गेलो. मग तार छेडली, तर नुसती खरखर. पत्र्यावर नख ओढावं तशी.

रूम पार्टनर पडल्या पडल्या म्हणाला, "भावा, गिटार आणलीस का मिक्सर?"

मी हसलो, पण गिटार कव्हरमध्ये घालून ठेवली. स्वतःसाठी म्हणून घेतलेली पहिली वस्तू, ती मीच मोडली होती.

दोन दिवस धीर होईना. शेवटी त्या इंजिनिअरला मेसेज टाकला, तर त्याचा व्हिडिओ कॉलच आला. सगळं ऐकून म्हणाला, "अहो, दांडीला थोडा बाक लागतोच. तार हलते, तिला जागा नको?"

"म्हणजे वाकडी नव्हती?"

"नसावी."

"मग तेव्हाच बोलला का नाही सर?"

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत. महिनाभर सगळेच मला खात्रीनं सांगतायत, माझ्यात काय कमी आहे ते. ऐकायची सवय लागलीय, राव."

त्याच्या मागे भिंतीवर नुसते खिळे होते. मग त्यानंच शिकवलं. बोल्ट उलटा फिरवा, पाव फेरा. थांबा. छेडा. पुन्हा पाव. जास्त फिरला तर कायमची जाईल, हीच भीती. चौथ्यांदा खरखर थांबली आणि तार स्वच्छ वाजली.

तुमची वस्तू चांगलीच होती, चूक माझी होती, एवढं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "थँक्यू सर."

त्यानं कान फोनजवळ आणला. म्हणाला, "परत वाजवा ना."

मी तीच एक तार परत वाजवली.